कोरडी गळाभेट

फुलसिंग नायकाच्या तांड्यात बाई बाईला भेटली की आधी रडायची आणि मग बोलायची. दिग्रसच्या बाजारातल्या लोकांना याचं मोठं हसू येई. लेक सासरहून आली, एस्टीतून खाली उतरली, की आई तिच्या गळ्यात पडणार, दोघी मिळून गळा काढणार, आणि मोटारीतले शहाणे खिडकीतून माना काढून विचारणार, कोण गेलं हो? कोणी गेलेलं नसे बाप्पा. त्या बोलत असत. त्या रडण्याला चाल होती आणि चालीला शब्द होते. लेक आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून सासरचं सगळं त्यात सांगून टाके. सासू पोटभर खाऊ देत नाही, नवऱ्याचा हात सुटतो, दिराची नजर चांगली नाही. साध्या बोलण्यात जे सांगायची कोणाची छाती झाली नसती, ते या रडण्यात, ढावल्यात, चारचौघींच्या देखत सांगता येई, आणि त्यावरून तिला कोणी बोल लावू शकत नसे.

भोवती जमलेल्या बाया उगाच जमत नसत. त्या ऐकून ठेवत. पुढे भांडण होऊन नसाब बसली, म्हणजे तांड्याची पंचायत बसली, की नायक सगळ्यात आधी बायांकडे वळून विचारी, "पोरगी आली तवा काय रडली?" बाया सांगत. तेवढ्या सांगण्यावर कितीतरी लेकी माहेरी राहिल्या होत्या, आणि सासरे मान खाली घालून रिकामी गाडी घेऊन गेले होते. ना कागद, ना शिक्का. पण बायकांच्या जातीला तेवढा एकच आधार होता, आणि तो पुरत होता.

मानीबाई याच तांड्यातली. तिला एकच लेक, गंगी. ही गंगी लहानपणी इतकी रडायची की सगळा तांडा कावून गेला होता. तिचा काही दोष नव्हता. मानीबाईचा नवरा रामधन दिग्रसच्या जिनात कापसाची गाडी घेऊन निघाला होता आणि पोरगी हट्ट करून वर कापसावर बसली होती. उतारावर बैल बुजले, गाडी उलटली, रामधन चाकाखाली आला. गंगी झुडपात फेकली गेली, तिला खरचटलंही नाही. तिनं फक्त पाहिलं. तेव्हापासून कुठं गाडीचं चाक वाजलं की पोरगी किंचाळायची, हातपाय ताठ करायची, आणि कितीतरी वेळ तिचं रडं थांबायचं नाही. आता तांड्यात काय, दिवसभर गाड्याच. मानीबाईनं भगत केला, दोरे बांधले, बोकड कापलं. काही होईना. रांडमुंड बाई, दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबायची आणि घरी आली की ही किंचाळी. कधीकधी तिला वाटे की आपणच उठून कुठंतरी निघून जावं.

ज्या साली आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या साली तांड्यावर शाळा आली आणि शाळेबरोबर उकंडराव गुरुजी आले. गुरुजी राळेगावकडचे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, म्हणून नाव उकंडा. नाव असं, पण धोतर-सदरा मात्र बगळ्यासारखा पांढरा. माणूस भला. छडी हातात धरायचा नाही. वर्ध्याकडच्या कुठल्याशा आश्रमात राहून आला होता आणि तिथून एक नवंच खूळ घेऊन आला होता. पाढ्यांच्या आधी, बाराखडीच्या आधी, तो पोरांना सारवलेल्या जमिनीवर ओळीनं बसवी आणि डोळे मिटायला सांगे.

"काई करायचं नाई," गुरुजी म्हणत. "श्वास आत येते, बाहेर जाते. तेवढं पाहायचं. मनात काई आलं तं येऊ द्या. त्याले बसायले घोंगडी टाकायची नाई, अन् हाकलायचंही नाई. आलं तसं जाईल."

"गुर्जी, मले भाकरीचा वास येऊन राह्यला," एखादं पोट्टं म्हणे.

"येऊ दे. वास आला म्हण मनात, अन् सोडून दे."

पोरं खुदुखुदु हसत. तांड्यातली माणसं म्हणत, शिकवायचा पगार घेतो आणि पोरांना झोपवतो. पण मानीबाईनं हे पाहिलं आणि तिच्या मनानं घेतलं. पोरीला हाताला धरून ती शाळेच्या दारात गेली आणि म्हणाली, "गुर्जी, हिले चूप बसवा. मले दुसरं काई नोको."

हे तिचंच मागणं होतं. पुढं कोणी तिला तसं म्हणून दाखवलं नाही, पण तिला ते विसरता आलं नाही.

गुरुजींनी गंगीला आपल्याजवळ बसवलं. बाहेरून गाडी गेली, पोरगी किंचाळली, बाकीची पोरं कानात बोटं घालून पळाली. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला आणि हळूच विचारलं, "भेव आलं नं? येऊ दे. आता कुठी हाय थे? पोटात, का छातीत? पाहात राय त्याच्याकडे. धरू नोको. आलं तसं जाईल." रोज हेच. दुसरा कोणी असता तर कंटाळून गेला असता. त्या पावसाळ्यात नाही, हिवाळ्यात नाही, पण उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस मानीबाई लाकडाची मोळी घेऊन शाळेवरून चालली होती, तेव्हा समोरून फुलसिंग नायकाची गाडी खडखडत गेली. मानीबाई थबकली. ती किंचाळीची वाट बघत उभी राहिली. आतून काही आवाज आला नाही. डोकावून पाहते तर पोरगी पोटावर हात ठेवून बसलेली. तिनं डोळे उघडले, हसली आणि म्हणाली, "गुर्जी, आलतं, अन् गेलं."

मानीबाईनं मोळी तिथंच टाकली आणि भिंतीला टेकून रडली. आनंदानं रडली. त्या दिवसापासून गुरुजी तिला देवाच्या जागी. पहिलं दूध गुरुजींना, वावरातून आणलेली पहिली शेंग गुरुजींना. खोटं कायला बोलू, त्या माणसानं तिला तिची लेक परत दिली होती.

गंगी वाढली, शहाणी झाली, कामाला वाघीण झाली. शाळा सुटली तरी पहाटे उठून घटकाभर डोळे मिटून बसायची तिची सवय सुटली नाही. कोणी टाकून बोललं तर उलटून बोलायची नाही. हात पोटाकडे जायचा, एक लांब श्वास, आणि झालं. मानीबाई चारचौघींत मोठ्या तोऱ्यानं सांगे, माझ्या लेकीला रागच येत नाही म्हणून.

लग्न ठरलं तेव्हा रीतीप्रमाणे गंगीला म्हाताऱ्या सोनीबाईकडे ढावलो शिकायला पाठवलं. लग्नाच्या पोरींना रडणं शिकवायचं काम सोनीबाईचं. तिनं अर्ध्या तांड्याला रडायला शिकवलं होतं आणि तिच्या हाताखालून गेलेली पोरगी दगडाला पाझर फोडील असं बाया म्हणत. गंगीला सगळे शब्द चटकन पाठ झाले. गळाही गोड. पण सोनीबाई मानीबाईकडे येऊन बसली आणि तंबाखू मळत म्हणाली, "मानी, तुही पोट्टी रडत नाई. गाते."

"मंग बरं हाय नं, मावशी," मानीबाई हसून म्हणाली. "मी जन्मभर रडली. काय भेटलं?"

"रडता नाई आलं तं सांगीन कोणाले, अन् कशी?"

"सांगायसारखं काई होणारच नाई," मानीबाई म्हणाली. काय बोललो याचा तिनं त्या वेळी विचारसुद्धा केला नाही.

लग्नानंतर नवरीला बैलाच्या पाठीवर उभं करतात आणि तिनं तिथून तांड्याचा निरोप घेत रडायचं असतं. घराचा, गोठ्याचा, विहिरीचा, एकेकाचं नाव घेऊन. गंगी बैलावर उभी राहिली. सगळा तांडा डोळे पुसायच्या तयारीनं उभा. पोरीनं चहूकडे नजर फिरवली, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि सोनीबाईनं शिकवलेले शब्द कोरड्या गळ्यानं नीट म्हणून दाखवले. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एकजण म्हणाली, काय कडक काळजाची पोर आहे. सोनीबाई तोंडाला पदर लावून घरी निघून गेली.

सासर नेरच्या बाजूला, तिकडच्या एका तांड्यात. सासरा डोंगरसिंग, भरपूर वावराचा धनी. दसऱ्याच्या सुमारास खैरूनबी आली. ही नेरची बाई, मणी, आरसे, रंगीत दोरे घेऊन मोटारीनं तांड्यातांड्यावर फिरायची. बायकांच्या कांचळ्यांना, म्हणजे आरशांच्या चोळ्यांना, लागणारं सगळं तिच्या बोचक्यात असे, आणि सगळ्या तांड्यांच्या बातम्याही. त्या दिवशी तिनं बोचकं सोडलंच नाही. मानीबाईला घरात घेतलं, दार लोटलं.

"बुरा नोको मानू बहेन. तुही गंगी गोठ्यात राह्यते. उसको घर में घेत नाई वो लोग."

"काहून?"

"सवेरे आँखें मिटून बसते नं वो? सास बोलती, मंतर टाकते. म्हशीचं वगारू मर गया, तं इसके नाम पे. पोराबाळाले जवळ जाऊ देत नाई." खैरूनबीनं आवाज आणखी खाली आणला. "डाकण बोलते उसको."

डाकण. हा शब्द बाईला एकदा चिकटला की मेल्याशिवाय सुटत नाही, आणि तो नुसता तिला चिकटत नाही, तिच्या आईलाही चिकटतो. नसाबीत उभं राहून 'माझ्या लेकीला डाकण म्हणतात' असं सांगायची सोय नव्हती. सांगितलं की आपलाच तांडा दोन पावलं मागं सरकणार. आज ज्या बाया कडेवरची लेकरं घेऊन दारात येतात, त्याच उद्या लेकरांना पदराखाली झाकून नेणार. कोणी विचारलं तरी तो शब्द तोंडातून काढायचा नाही, हे मानीबाईनं तिथल्या तिथं ठरवलं.

राहिली एकच वाट. दिवाळीला गंगी येईल, गळ्यात पडेल, रडेल. गोठ्यात ठेवतात, उपाशी ठेवतात, मारतात, जे असेल ते रडेल. तो एक शब्द सोडून सगळं. बाया ऐकतील, नसाब बसेल आणि लेक घरी राहील. किती सोपं होतं. गंगी रडली की झालं.

दिवाळीला गंगी आली. मानीबाईनं आधीच घरोघर सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बाया भरपूर जमल्या. मानीबाई धावत गेली आणि लेकीच्या गळ्यात पडली. हाताला नुसत्या फासळ्या लागल्या. दंडावरचा चुडा सैल होऊन कोपरापर्यंत घसरला होता. मानीबाईनं गळा काढला, आपली चाल धरली, 'मारी छोरी, कुठं होतीस, काय खाल्लंस' असं विचारत गेली आणि तिच्या उत्तरासाठी थांबली. थांबली तेव्हा तिला खांद्याजवळ लेकीचा श्वास ऐकू आला. लांब, सारखा.

"रड बाई," ती गंगीच्या कानात पुटपुटली. "आता रड."

"बरी हाय मी, याडी," गंगी आईला म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बायांनी पदर सारखे केले. मग एकजण म्हणाली, चला, पोरगी सुखात आहे, आणि सगळ्या पांगल्या. सोनीबाई एकटी थांबली. "सुखातली पोरही रडते वो," ती म्हणाली आणि काठी टेकत गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणात जवारी निसता निसता मानीबाईनं खोदून खोदून विचारलं. तुले मारते का? कोण मारते? खायले काय देते? गंगी सुपातले खडे वेचत होती.

"होते काई काई," ती म्हणाली.

"काय होते थे सांग नं."

"आता आठवून काय करू, याडी? आलं, गेलं."

"रडू नाई येत तुले?"

"येते. इथून येते." तिनं छातीवर बोट ठेवलं. "मंग मी पाहात राह्यते. मंग जाते. सांगायले तोंड उघडो तवरोक काई उरतच नाई. काय सांगू?"

मानीबाईला वाटलं, हिच्या एक थोबाडीत द्यावी. दोन द्याव्या. मग तरी रडेल. हात उचललासुद्धा तिनं. पण सासरी एवढं सोसून जी रडली नाही, ती आईच्या मारानं काय रडणार? तिनं हात खाली घेतला, सूप बाजूला ठेवलं आणि तशीच शाळेकडे निघाली.

शाळेत नवी पोरं ओळीनं डोळे मिटून बसली होती. गुरुजींचे केस आता पिकले होते. मानीबाईला पाहून त्यांना आनंद झाला. "गंगी आली म्हणे? माह्या हातून गेलेल्या सगळ्या पोरांत तिच्याएवढं कोणाले नाई जमलं."

"थेच काढून घ्या, गुर्जी," मानीबाई म्हणाली.

"काय?"

"तुमी जे शिकवलं थे. आता काढून घ्या. माह्यी पोरगी मरून जाईन."

तिनं त्यांना सगळं सांगितलं. तो शब्दही सांगितला, कारण हा माणूस तांड्यातला नव्हता. गुरुजींनी पोरांना सुट्टी दिली आणि अनवाणीच तिच्या मागून घरी आले.

गंगीनं त्यांच्या पायांना हात लावला. गुरुजी तिच्यासमोर मांडी घालून बसले. लहानपणी बसवत तसं तिला बसवलं.

"गंगी, मी काय म्हणत होतो? आधी पाहा, मंग सोडा. पाह्यलं नं तू? काय पाह्यलं थे मले सांग."

"मोठं होतं, गुर्जी," गंगी विचार करून म्हणाली. "लय मोठं होतं. मंग गेलं."

"नाई गेलं, बाई. थे तिथीच हाय, नेरले, तुह्या घरी. तू उद्या गेली की पुन्हा हाय." गुरुजी पुढं सरकले. "काई काई गोष्टी सोडायच्या नसते. धरून ठेवा लागते. दुसऱ्याले सांगतवर तरी."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर दुखल्यासारखं काहीतरी दिसलं.

"हे तुमी कधी सांगतलं नाई, गुर्जी," ती म्हणाली.

गुरुजी उठले आणि तोंड फिरवून अंगणात गेले.

डोंगरसिंग सुनेला न्यायला आला. कापूस फुटला होता, वेचणीला हात पाहिजे होते. मानीबाई म्हणाली, पाठवत नाही. मग नसाब बसली. लिंबाखाली फुलसिंग नायक, चार जुनी माणसं, समोर डोंगरसिंग. बाया मागं. उकंडराव गुरुजी एका बाजूला उभे. ते तांड्याचे नव्हते, त्यांना बोलायचा हक्क नव्हता.

नायक बायांकडे वळला. "पोरगी आली तवा काय रडली?"

सोनीबाईनं तोंड उघडलं. मानीबाईला कळलं की म्हातारी खोटं बोलणार आहे, तिच्यासाठी बोलणार आहे, आणि ती म्हातारीच्या ओठांकडे पाहू लागली. पण नायकाच्या पुढ्यात तांड्याचा देव सेवाभाया, त्याच्या नावाचा धूप जळत होता, आणि त्या धुपासमोर खोटं बोलता येत नसे. सोनीबाईनं धुपाकडे पाहिलं, भोवतीच्या बायांकडे पाहिलं, आणि मूग गिळून बसली.

फुलसिंग माणूस वाईट नव्हता. त्याला पोरीची फासळी दिसत होती. तो म्हणाला, "तवा नाई रडली तं आता रड, बाई. याडी तुह्या समोर हाय. आमी ऐकतो."

गंगी मधोमध बसली होती. तिनं आईकडे पाहिलं. आणि तिचा खालचा ओठ थरथरला. पोरीचं तोंड लहान लेकरासारखं वाकडं झालं, गळ्यातून एक आवाज निघाला, चांगला मोठा, गाडीचं चाक वाजल्यावर निघायचा तसा. मागच्या बाया पुढं झुकल्या. आता फुटणार, आता बांध फुटणार, असं मानीबाईला वाटत होतं, आणि तेवढ्यात गंगीचा हात तिच्या पोटावर गेला. डोळे मिटले. मानीबाईनं आपल्या डोळ्यांनी ते रडं उतरताना पाहिलं. ओठांवरून गळ्यात गेलं, गळ्यातून छातीत गेलं, आणि मग कुठं गेलं ते दिसलं नाही. पोरगी डोळे मिटून शांत बसली होती.

डोंगरसिंग अर्धवट उठला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहात होता, आणि आता याच्या तोंडातून तो शब्द निघणार असं मानीबाईला दिसलं.

"डोळे उघड," ती ओरडली. "गंगी, डोळे उघड बाई."

गंगीनं डोळे उघडले.

"काई सांगायचं हाय?" नायकानं विचारलं.

"नाई, नायकबा."

"मले माह्यी पोरगी घरी ठेवायची हाय," मानीबाई म्हणाली. "मी पोशीन तिले."

"कायच्यावर ठेवू, मानी? मले एक शब्द तं दे."

शब्द तिच्याजवळ होता. तिनं डोंगरसिंगकडे पाहिलं, डोंगरसिंगनं तिच्याकडे पाहिलं. दोघांच्या तोंडात तोच होता. त्याला सून कामाला पाहिजे होती आणि घराची बेअब्रू नको होती, म्हणून तो बोलत नव्हता. तिला लेक पाहिजे होती, म्हणून ती बोलत नव्हती. मानीबाईनं तो गिळला. गिळताना तिला वाटलं की आपण पोरीला वाचवतोय.

नायकानं पोरीला सासरी धाडायचा निवाडा दिला. गाडीत बसताना गंगीनं आईचे डोळे आपल्या ओढणीनं पुसले. गुरुजींनी दुसऱ्या दिवसापासून पोरांना डोळे मिटायला लावणं बंद केलं, आणि होळीच्या आधी बदली मागून निघूनही गेले. त्याचा आता कोणाला काय उपयोग होता, ते त्यांनाच ठाऊक.

वेचणी संपता संपता नेरकडून माणूस आला. गंगी मेली. ताप आला होता म्हणे. मानीबाई मिळेल त्या मोटारीनं गेली. सोनीबाई तिच्याबरोबर गेली. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. विहीर की ताप, मार की उपास, कोणी काही सांगेना, आणि ते विचारायची ताकद मानीबाईच्या अंगात उरली नव्हती.

तिथल्या बाया रीतीप्रमाणे येऊन भोवती बसल्या. मेलेल्या लेकीला आईनं रडायचं असतं, तिनं काय सोसलं ते एकेक सांगून रडायचं असतं, म्हणजे तिचं दुःख तिच्याबरोबर मातीत जात नाही. बायांनी पदर पुढं ओढले आणि मानीबाईनं सुरुवात करायची वाट पाहिली. मानीबाईनं तोंड उघडलं. 'मारी छोरी' म्हणाली. पुढं काय म्हणायचं? गोठ्यात ठेवली, हे खैरूनबीनं बाहेरून पाहिलेलं. त्या गोठ्यात पोरगी कशी निजायची, थंडीनं कुडकुडली का, कोणी मारलं, कशानं मारलं, तहान लागली तेव्हा कोणी पाणी दिलं का, आईची आठवण आली का, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. आपल्याच लेकीचं एकही दुःख तिच्याजवळ नव्हतं. खोटं रचून मेलेल्या पोरीवर कसं रडावं?

ती गंगीच्या सासूकडे वळली. "सांग नं माय," ती हात जोडून म्हणाली. "काई म्हणे का थे? शेवटी तरी काई म्हणाली?"

"काईच नाई म्हणे," सासू म्हणाली.

सोनीबाईनं मानीबाईच्या पाठीवर हात ठेवला, पण तिलाही चाल सुचली नाही. मानीबाई तोंड उघडं ठेवून बसून राहिली. बायांनी बराच वेळ वाट पाहिली. मग दूध काढायची वेळ झाली आणि एकेक करून त्या उठून गेल्या.